दोनशे बारावा पुठ्ठा

अण्णा,

परवा तुझ्या शोकसभेत मी पुन्हा खोटं बोललो.

घरातून निघताना ठरवून निघालो होतो, आज जे आहे ते सांगायचं, नाहीतर तोंडच उघडायचं नाही. शहापुरातलं ते सभागृह तुझ्या ओळखीचं, पंख्यांचा आवाज माइकपेक्षा मोठा. तरी भिंतीला टेकून माणसं उभी होती. पुण्याहून प्रकाशक आले होते. बेळगुंदीच्या कॉलेजातल्या दोन मुली तुझी पुस्तकं छातीशी धरून रडत होत्या. मला वाटलं, माझ्या भावासाठी माझ्याआधी ह्या रडल्या. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. तू अद्भुताचा बादशहा होतास, तुझ्या कल्पनेला पंख होते, वगैरे भाषणं झाली. तू असतास तर मागे बसून मला कोपर मारलं असतंस. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आता त्यांचे धाकटे बंधू तो प्रसिद्ध किस्सा सांगतील."

मी उठलो आणि सांगितला. तू सांगायचास तसाच, तुझ्याच जागी थांबून, तुझ्यासारखीच मान हलवून. सभागृह हसलं. वहिनीही हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. त्यांचं ते हसू मी कुठल्या तोंडानं काढून घेणार होतो? खाली बसलो आणि मला शिंका आल्या, लागोपाठ तीन. शेजारच्यांनी रुमाल दिला. त्यांना वाटलं मी रडतोय.

तुला सगळं ठाऊक आहे, किंवा नाही. तेच तर मला कळत नाही. म्हणून एकदा पहिल्यापासून बोलू दे.

वडगावच्या घरात पुढच्या सोप्यात आपले चार माग. दोन तुझे, दोन माझे. आप्पा गेले तेव्हा मी मच्छे गावच्या कारखान्यात फिटर होतो. निळा ड्रेस, छातीवर नावाचा बिल्ला, दुपारी कँटीनचं जेवण. आठ महिने केली ती नोकरी. तू सायकलवरून कारखान्याच्या गेटवर आलास आणि म्हणालास, "बाळ्या, चार माग एकट्याच्यानं व्हत न्हाईत रं." मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. तो बिल्ला अजून माझ्या कपाटात आहे, हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि मग बघतो तर काय, तू लिहीत होतास.

धोट्यातली सुताची कांडी संपायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात विणकर बिडी ओढतो, नाहीतर शेजारच्या मागावरच्याशी ओरडून बोलतो. तू मागाच्या लाकडावर पुठ्ठा ठेवून एक वाक्य लिहायचास. मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डचे जुने पुठ्ठे, हातभर लांब, चार बोटं रुंद, भोकं पाडलेले. कुठला धागा उचलायचा ते ही भोकं मागाला सांगतात, आणि एका डिझाईनला असे हजार-तेराशे पुठ्ठे नंबरवार दोरीनं ओवून लागतात. चालेनाशा झालेल्या डिझाईनचे गठ्ठे माळ्यावर पडलेले असायचे. तू त्यांतला मोराच्या डिझाईनचा गठ्ठा काढलास, दोरी कापलीस, आणि हाताला येईल त्या पुठ्ठ्यावर भोकांच्या मधल्या जागेत लिहीत सुटलास. एका कांडीला एक वाक्य, एका वाक्याला एक पुठ्ठा. एक प्रकरण झालं की त्याचे पुठ्ठे उरलेल्या रेशमानं बांधायचास. लढाईला तांबडं, जंगलाला हिरवं.

मी म्हणालो होतो, "निदान नंबर तरी घाल की वाक्यांस्नी."

"पुठ्ठ्यावर एक नंबर हाय की छापील. दुसरा घातला तर माग गडबडंल."

"माग कशाला गडबडतोय? त्यो मोर मेला कवाच."

"मग वाक्यास्नी त्यांची जागा म्हाईत हाय," म्हणालास आणि हसलास. तुझं हे हसणं मला त्या काळात अजिबात सोसत नव्हतं.

अमावास्येला माग बंद. सगळ्या वडगावात शुकशुकाट. मागाची पूजा झाली की तू माळ्यावर जाऊन बसायचास. सुरुवातीला पुठ्ठ्यांवरचं वहीत उतरवून काढायचास, मग तेही सोडलंस आणि उतरवलेली पानंही फाडलीस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "पुरी झाल्याशिवाय न्हाय उतरवणार. अर्धी साडी कोण मागावरनं काढतंय काय?" हे तू मला सांगितलंस, अण्णा. मलाच. सोप्यात, वंगणाच्या डब्यावर बसून, चहाची बशी हातात धरून. म्हणजे तुझी सगळी कादंबरी नुसती पुठ्ठ्यांवर आहे, दुसरीकडे कुठे एक ओळ नाही, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

ती लग्नसराई. तुझ्या मागावर ताण्याचे उभे धागे तुटले आणि तुझं लक्ष नव्हतं, तू लिहीत होतास. वीतभर कापड खोटं विणलं गेलं, जांभळ्या साडीवर ऐन पदरात चरा. व्यापाऱ्यानं ती साडी तुझ्यापुढे नाही, माझ्यापुढे झटकली. चौघांत. "विणकर हाईसा का कोण हाईसा?" म्हणाला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी आलो तर तू निपाणीला गेलेला. मावशी आजारी, चार दिवसांनी येतो, माग सांभाळ, असा निरोप ठेवून.

मी माळ्यावर चढलो. रागातच चढलो, पण तेव्हा मनात काही नव्हतं. एक गठ्ठा उचलला आणि वाचायला लागलो. एका गावात सात माग आभाळ विणतात, एक जरी थांबला तरी त्या गावावरचं आभाळ फाटतं. वाचता वाचता मी राग विसरलो, खरं सांगतो. लहानपणी लाईट गेली आणि गावातले सगळे माग एकदम थांबले की तू मला अंगणात ओढून न्यायचास आणि म्हणायचास, "बघ, आभाळ थांबलं." ते तिथं होतं. आपलं अंगणसुद्धा होतं. पुढचा पुठ्ठा घेतला. त्यावर होतं:

"धाकटा मागाच्या आवाजातच वाढला होता, दुसरं काही त्याला ऐकूच यायचं नाही."

मी ते वाक्य किती वेळ धरून बसलो होतो, सांगता येत नाही. थोरला आपलं स्वप्न सांगतो आणि धाकट्याला ते पोचत नाही, असं ते प्रकरण. मच्छेच्या गेटवरून मला कुणी आणलं होतं अण्णा? त्या आवाजात मला कुणी बसवलं होतं?

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला तीन जुनी डिझाईन दाखवायची होती. मोराचं मीच पुढं केलं. दुसरी चालली असती. माळ्यावरून सगळे गठ्ठे उतरवले, रेशमाच्या गाठी सोडल्या, पुठ्ठे सोप्यात पसरले आणि छापील नंबर बघून ओवायला बसलो. ओवताना तुझी वाक्यं नजरेला पडतच होती. लढाईतला माणूस जंगलात जात होता, मेलेली राणी पाणी मागत होती. तीन दिवस ओवत होतो मी. चुकून एखादा पुठ्ठा ओवला जातो, तेराशे नाही. रेशमाचे तुकडे आंघोळीच्या बंबात घातले.

तू आलास तेव्हा माग चालू होता. पिशवी हातातच होती, मावशीनं दिलेल्या शेंगांची. तू वर बघितलंस, जकार्डवरून पुठ्ठे खाली-वर जात होते, वंगणाचे डाग पडलेले. तू बटण बंद केलंस. चालत्या मागावर पुठ्ठा वाचता येत नाही, डोळा पोचायच्या आत पुढचा येतो. मग तू स्टूल घेतलंस आणि हातानं एकेक पुठ्ठा पुढं सरकवत वाचत बसलास. मी कांड्या भरत बसलो होतो, नुसताच.

"कुणी ओवलं रं हे?"

"मी. मोराची ऑर्डर आलती." आणि मग म्हणालो, "मला वाटलं, वहीत उतरवून झालंय."

म्हणालो आणि शिंकलो. सोप्यात कापसाची धूळ असते, आपण सगळेच शिंकतो. तू माझ्याकडे बघितलंस. तोंड पडलेलं नव्हतं, रागही नव्हता. नुसतं बघितलंस, मावशीच्या वखारीत बघायचास तसं.

निपाणीला मे महिन्यात आपण जायचो तेव्हाचं. तंबाखूच्या वखारीत मावशीबरोबर बायका पाला चाळायच्या, सगळी हवा तपकिरी. तू मला सांगितलं होतंस की ह्या वखारीत जो खोटं बोलतो त्याला शिंक येते. मी मावशीचा गूळ खाल्ला होता. तू विचारलंस, मी नाही म्हणालो आणि शिंकलो, आणि मग भोकाड पसरलं. बायका हसून हसून लोळल्या. मावशी म्हणाली, "आगं बया, म्हंजे आमी तर सगळ्याच लबाड!" तुझी गोष्ट रचायची सुरुवात मला वाटतं तिथं झाली. माझी त्या गोष्टीवर विश्वास ठेवायचीही.

त्या दिवशी सोप्यात तू एवढंच म्हणालास, "असू दे रं." शेंगांची पिशवी माझ्याकडे दिलीस. दोन घास खाऊन उठलास. पुढच्या अमावास्येपासून वही घेऊन त्याच मागापुढं बसलास आणि मोराच्या नंबरानं आलेली वाक्यं तशीच्या तशी उतरवायला लागलास. जोड द्यायला मध्ये काही लिहायचास, काही खोडायचास. मी विचारलं नाही की पहिल्यासारखी का लावत नाहीस. विचारायला मला तोंड नव्हतं.

"सात मागांचं आभाळ" आलं आणि पुढचं सगळं जगजाहीर आहे. काळ मागं-पुढं उड्या मारतो, मेलेली माणसं पाणी मागायला येतात, असं कुणी लिहिलंच नव्हतं म्हणे. आणि ते वाक्य, धाकट्याचं, ते मोराच्या नंबरानं शेवटाकडे जाऊन पडलं होतं. चेटकिणीच्या गाण्याच्या लगेच पुढं. सगळं राज्य तिच्या गाण्यानं माग सोडून निघून जातं, एकट्या धाकट्याला काही ऐकू येत नाही, तो विणत राहतो, म्हणून आभाळ राहतं. त्या बेळगुंदीच्या मुलींनी मला परवा तेच वाक्य पाठ म्हणून दाखवलं. एकीनं माझ्या पाया पडायला वाकून विचारलं, "तो धाकटा म्हणजे तुम्हीच ना?"

सांग, काय उत्तर द्यायचं होतं?

तू मात्र प्रत्येक सत्काराला तो किस्सा सांगत गेलास. "आमच्या बाळ्यानं चुकून पुठ्ठे ओवले, म्हणून मी लेखक झालो. माझा खरा संपादक तो." लोक टाळ्या वाजवायचे, मला उभं करायचे. एकदा माझ्याही गळ्यात हार घातला. मी घरी येऊन तो मागाला घातला. तू पुढचं पुस्तक लिहिलंस, "शिंकांचं शहर", तपकिरी धुळीचं, जिथं खोटं बोलणारा शिंकतो आणि म्हणून सगळं शहर हळूहळू गप्प होत जातं. मुलाखतीत सांगितलंस, हे निपाणीच्या मावशीच्या वखारीतून आलं. ते खरंच होतं. पण त्यात तो विणकर आहे, जो शिंक येईल म्हणून आयुष्यभर भावाशी बोलत नाही. ते प्रकरण मी किती वेळा वाचलं असेल! दर वेळी वाटायचं, आता उठून तुझ्याकडे जावं आणि विचारावं. मधे भिंतसुद्धा नव्हती आपल्या, नुसता माग होता.

निपाणीच्या सत्काराहून परत येतानाचं आपलं भांडण तर अर्धवटच राहिलं. संकेश्वरला चहाला थांबलो होतो. मी म्हणालो, "ही गोष्ट आता पुन्ना सांगायची न्हाय."

"का रं? तुझं नाव व्हतंय की."

"मला नको नाव."

"लोकांस्नी आवडतंय, लई आवडतंय." मग तू बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणालास, "तुला काय सांगायचं हाय काय बाळ्या?"

मी म्हणालो, "न्हाय."

तू माझ्याकडे बघत राहिलास, चहा गार होईपर्यंत. मला शिंक आली नाही. तू तिची वाट बघत होतास असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. मग गाडीत बसलो, आणि यमकनमर्डी येईपर्यंत तू झोपलास, माझ्या खांद्यावर. मी खांदा हलवला नाही. एवढंच मी तुझ्यासाठी केलं त्या दिवशी.

काल तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर वहिनी माळ्यावरून एक गठ्ठा घेऊन खाली आल्या. आता दोन माग कॉम्प्युटरवर चालतात, पुठ्ठ्यांना कुणी विचारत नाही. तरी तू शेवटपर्यंत त्यावरच लिहीत होतास हे मला ठाऊक होतं. पण पहिल्या पुस्तकानंतर तुझे पुठ्ठे ट्रंकेत असायचे आणि किल्ली तुझ्या करगोट्याला. मी कधी त्याबद्दल बोललो नाही. मला किल्लीचा अर्थ कळत होता.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे शेवटचं. प्रकाशक मागालेत. हेची रांग तुमीच लावा. ह्यांचं लिवणं तुमालाच कळतंय." गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवून त्या चुलीकडे गेल्या.

मी दोरा सोडला. पहिला पुठ्ठा घेतला, नंबर एक. दुसरा, नंबर दोन. वाक्याला वाक्य जुळत होतं. पन्नासपर्यंत गेलो, शंभरपर्यंत गेलो, छापील नंबर आणि तुझी गोष्ट एका रांगेत चालली होती. मग मी वहिनींकडून किल्ली मागून घेतली आणि ट्रंक उघडली. "शिंकांचं शहर", त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. सगळे तसेच. त्या दिवसानंतर तू एकही पुठ्ठा हाताला येईल तसा घेतला नव्हतास. माळ्यावरचा गठ्ठा पहिल्यापासून सोडायचास आणि नंबरानंच लिहीत जायचास, म्हणजे मी पुन्हा कधी रागानं ओवले तरी गोष्ट मोडणार नाही.

चारचौघांत तू म्हणायचास, बाळ्यानं पुन्हा एकदा गोंधळ घालावा म्हणजे मी आणखी मोठा लेखक होईन. आणि घरात अशी काळजी घेत होतास. ही काळजी पुस्तकाची होती की माझी? मी पुन्हा तसा वागलो तर मला पुन्हा खोटं बोलावं लागू नये, म्हणून? मला ठरवता येत नाही. तू असतास तरी मी विचारलं नसतं, हे सगळ्यात वाईट.

शेवटच्या गठ्ठ्यात तू दोनशे अकरापर्यंत आलास. त्यावर लिहिलंयस, "पुलापाशी आले तेव्हा थोरल्याला दम लागला होता, म्हणून तो खाली बसला." पुढचे पुठ्ठे कोरे आहेत.

आज अमावास्या. माग बंद आहेत. मी सोप्यात बसून तुझे पुठ्ठे ओवले, एकपासून, नंबरानं. दोनशे अकराव्यापाशी आलो. दोनशे बारावा घेतला, तुझंच पेन घेतलं आणि भोकांच्या मधल्या जागेत लिहिलं. एका पुठ्ठ्यावर एकच वाक्य बसतं, तेवढंच लिहिलं.

"धाकटा म्हणाला, थोरल्या, ती चूक नव्हती, तू काहीच उतरवलं नाहीस हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक असूनच मी गाठी सोडल्या."

लिहून झाल्यावर मी वाट बघितली. शिंक आली नाही.

मग तो ओवला, आणि त्याच्या पुढचे कोरेही ओवले, शेवटपर्यंत. वहिनी उद्या सकाळी गठ्ठा न्यायला येतील, वाचतील, प्रकाशकांना देतील. आता तो पुठ्ठा काढायचा म्हटलं तर दोरी कापावी लागेल. कात्री मी माळ्यावर ठेवून आलोय.